एकशे त्रेचाळीस पुस्तकांची मागणी

बायको ठोकळ्यावरून पडली ती रविवारी, आणि निबंध द्यायचा होता तो त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी. या दोन दिवसांच्या मधे नगसाहेबांनी जे काही केलं ते निव्वळ प्रेमापोटी केलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे पुढे ते लक्षात ठेवणं जरा जड जाईल.

नगसाहेब म्हणजे सरकारी भांडारातून निवृत्त झालेले भांडारपाल. चौतीस वर्षं त्यांनी खुर्च्या, कंदील, दोरखंड, शाईच्या बाटल्या आणि एकदा चुकून आलेले सातशे फावड्यांचे दांडे सांभाळले. भांडारात वस्तूला वस्तू म्हणत नाहीत, नग म्हणतात. ती सवय त्यांच्याबरोबर घरी आली. "पाव किती नग आणू?" "पाहुणे किती नग आहेत?" म्हणून इमारतीत सगळे त्यांना नगसाहेब म्हणत. लोक हे नेमकं कोणत्या अर्थाने म्हणतात याची चौकशी त्यांनी कधी केली नाही, आणि तेच बरं झालं.

ठोकळ्याची गोष्ट अशी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघर बांधताना गवंड्याने विचारलं, "ओटा किती उंच?" नगसाहेबांनी खात्याची नियमावली उघडली. त्यात 'उपाहारगृह, ओटा' या सदराखाली चौतीस इंच दिले होते. चौतीस तर चौतीस. बायकोची उंची चार फूट नऊ इंच. आठवड्याभरात तिने तक्रार केली, आणि तक्रारीची दखल घेतली नाही असं नगसाहेबांच्या हातून कधी झालेलं नव्हतं. त्यांनी खोक्याच्या फळ्यांचा एक भक्कम ठोकळा बनवून घेतला, त्याला करडा रंग दिला, बाजूला '१/१' असा क्रमांक घातला आणि तो ओट्यापुढे ठेवला. अठ्ठावीस वर्षं ती ठोकळ्यावर चढली, ढवळलं, उतरली, मीठ घेतलं, चढली. परवाच्या रविवारी उतरताना पाऊल चुकलं आणि घोट्याचं हाड मोडलं.

आणि तिच्या निबंधाचा विषय होता, 'ओट्याची उंची कोण ठरवतं?'

नगसाहेबांना यात कसलाही टोमणा दिसला नव्हता. ती विद्यापीठाची बाहेरून शिकणारी विद्यार्थिनी. सहा वर्षांत एकेक पेपर सोडवत आलेली. निबंध तेवढा राहिला होता. एकदा सासूबाईंच्या आजारपणात राहिला, एकदा धाकट्या दिराच्या लग्नात. ही तिसरी आणि शेवटची खेप. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत निबंध खिडकीवर पोचला नाही, तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षांचे पेपर पाण्यात.

तिने उशीला टेकून चिठ्ठी लिहिली. अकरा पुस्तकं, लेखकाच्या नावानिशी.

"हे बघा," ती म्हणाली, "काउंटरवरच्या बाईंना ही चिठ्ठी द्यायची. त्या काढून देतील. आपण होऊन काही करायचं नाही."

"अगं, मी चौतीस वर्षं भांडार सांभाळलंय."

"म्हणून तर सांगते."

शनिवारी विद्यापीठाचं ग्रंथालय पाहून नगसाहेबांचा ऊर भरून आला. एवढं मोठं भांडार! दारात पिशवी ठेवून पितळी बिल्ला दिला, तेव्हाच त्यांना आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. आत उंच कपाटांच्या रांगा, प्रत्येक रांगेच्या टोकाला पाटी, प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर क्रमांक. त्यांनी एका रांगेतली बारा पुस्तकं क्रमांकाने तपासली. बारावं चुकीच्या जागी होतं. त्यांनी ते काढून बरोबर लावलं आणि कोणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. कोणी पाहिलं नव्हतं. चांगल्या कामाचं हे असंच असतं.

काउंटरवर मात्र 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी होती. पाटीमागे बाई नव्हत्या. त्यांचा चष्मा होता. शेजारी एक संगणक होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'वाचकांनी संग्रह स्वतः शोधावा.'

आता हा सरळसरळ आदेशच. नगसाहेब बसले.

त्यांनी आधी 'ओटा' असं शोधलं. संगणक म्हणाला, काही सापडलं नाही. मग 'उंची' शोधलं तर डोंगरांची चारशे पुस्तकं आली. मग 'कामाच्या जागेची उंची' असं सविस्तर लिहिलं, आणि पडद्यावर एकदम जान आली. चिठ्ठीतली पुस्तकं एकेक करून दिसू लागली. पण अकरापैकी नऊ पुस्तकांपुढे लाल अक्षरांत 'बाहेर दिलेले' असं होतं. प्रत्येक पुस्तकाखाली एक बटण होतं.

'मागणी नोंदवा.'

नगसाहेबांनी चष्मा काढून पुसला. चौतीस वर्षं त्यांच्याकडे मागण्या आल्या होत्या. हातात पेन धरून त्यांनी हजारो मागण्या वाचल्या, कापल्या, परत पाठवल्या. मागणी करणाऱ्याच्या खुर्चीत ते कधी बसले नव्हते. त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना विचारत होतं, तुम्हाला काय हवं?

त्यांनी बायकोचा सदस्य क्रमांक घातला. मोबाइलच्या रकान्यात स्वतःचा नंबर घातला. उगीच त्या बिचारीला झोपेत त्रास कशाला. बटण दाबलं. आणि मग पडद्याच्या तळाला त्यांना आणखी काही दिसलं. 'याच विषयाचं इतर साहित्य', आणि त्याखाली बारा पुस्तकं.

भांडाराच्या नियमात यालाच समतुल्य वस्तू म्हणतात. मूळ नग शिल्लक नसला तर समतुल्य नग द्यावा, असा नियमच आहे. शहाणा मागणीदार मूळ नगाबरोबर समतुल्यही मागून ठेवतो, कारण वर बसलेला भांडारपाल निम्म्याहून जास्त कापणार हे त्याला ठाऊक असतं. तरी खात्री असावी म्हणून नगसाहेबांनी बाहेर व्हरांड्यात जाऊन वरच्या मजल्यावरच्या वकिलांना फोन लावला. वकील दिवाणी दाव्यांचे. त्यांना कुठल्याही वेळी सल्ला द्यायला आवडायचं.

"नोंदवा, नोंदवा," वकील म्हणाले. "मागणी नोंदवली की हक्क तयार होतो. हक्क नंतर सोडता येतो. पण नोंदवलाच नाही तर सोडणार काय?"

नगसाहेब परत येऊन बसले. एक मूळ आणि बारा समतुल्य, तेरा नग. असे अकरा संच. एकूण एकशे त्रेचाळीस. जहाजांवरच्या स्वयंपाकघरांचं पुस्तक, तुरुंगातल्या भटारखान्यांचं पुस्तक, घड्याळजींच्या टेबलांचं, शिंप्यांच्या मेजांचं, दंतवैद्यांच्या खुर्चीचं. त्यांनी एकही सोडलं नाही. चूक एवढीच झाली की या भांडारात मागणी कापायला पलीकडे कोणी नगसाहेब बसलेले नव्हते. संगणकाने सगळीच्या सगळी मंजूर केली.

घरी येऊन ते म्हणाले, "झालं काम. सोमवारपासून पुस्तकं येतील."

"अकराच्या अकरा?"

"अकरा तर येतीलच," नगसाहेब म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

सोमवारी ते बायकोला घेऊन प्लॅस्टर दाखवायला दवाखान्यात बसले होते, तेव्हा खिशातला फोन वाजला. मग परत वाजला. मग तो वाजायचा थांबेना. 'आपण मागितलेले पुस्तक उपलब्ध झाले आहे.' 'आपण मागितलेले पुस्तक उपलब्ध झाले आहे.' शेजारच्या बाकावरचं रडणारं बाळ आवाजाने गप्प झालं.

"कोणाचे एवढे निरोप?" बायकोने विचारलं.

"जुन्या ऑफिसचा ग्रुप आहे. कोणाचातरी वाढदिवस असेल."

"एवढा लोकप्रिय कोण होता तुमच्यात?"

मंगळवारी सकाळी ते ग्रंथालयात हजर झाले. काउंटरवरच्या बाई आज चष्म्यासकट जाग्यावर होत्या, आणि त्यांच्या मागे दोन ढकलगाड्या भरून पुस्तकं होती.

"एकशे त्रेचाळीस तुम्हीच का?" बाईंनी विचारलं.

"माझी पत्नी," नगसाहेब म्हणाले. मग हे जरा भ्याडपणाचं वाटलं म्हणून म्हणाले, "तिच्या वतीने मी."

"काका, बाहेरच्या विद्यार्थ्याला एका वेळी चार पुस्तकं मिळतात. चार!" बाईंनी चार बोटं दाखवली. "आणि मागणी नोंदवली की ज्याच्याकडे पुस्तक असतं त्याला सूचना जाते, सोमवारपासून तीन दिवसांत परत करा म्हणून. अख्ख्या विद्यापीठाला सूचना गेल्यात. काल दिवसभर प्राध्यापक येऊन माझ्यावर ओरडून जातायत. विभागप्रमुखबाईंकडची एकट्यांची अडतीस पुस्तकं आहेत तुमच्या यादीत."

"कोणत्या विभागाच्या?"

बाईंनी विभाग सांगितला. तो बायकोचा विभाग होता. निबंध तपासणार होत्या त्याच या बाई.

नगसाहेबांनी काउंटरच्या कडेला हात टेकला. "मग मागणी रद्द करतो. एकशे एकोणचाळीस रद्द."

"रद्द करायची तर प्रत्येक पुस्तकामागे एक अर्ज. मूळ सदस्याच्या सहीने." बाईंनी छापील अर्जांचा गठ्ठा पुढे सरकवला आणि आवाज खाली आणला. "आणि ते होईपर्यंत कार्ड थांबवलंय. म्हणजे चारही मिळायची नाहीत. मी काय करू काका, ते संगणकच करतो." त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. पण गठ्ठा त्यांनी मागे घेतला नाही.

छापील अर्ज किती चांगला होता हेही नगसाहेबांच्या नजरेतून सुटलं नाही. प्रत्येक रकाना जागच्या जागी. दुसऱ्या कोणाची वेळ असती तर त्यांनी कौतुक केलं असतं.

इमारतीच्या जिन्यापाशी वकील भेटले. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "लेखी काही कबूल करू नका. नवरा-बायको कायद्याने दोन वेगळ्या व्यक्ती आहेत."

"पण राहतो एकाच घरात ना!"

"तो तुमचा प्रश्न," वकील म्हणाले आणि त्यांच्या तीन जिन्यांपैकी पहिला चढू लागले.

मंगळवारी रात्रीपर्यंत नगसाहेबांना ते सांगायचं धैर्य झालं नाही. बुधवारी सकाळी बायको म्हणाली, "दोनच दिवस राहिले. पुस्तकं?" तेव्हा ते म्हणाले, "येतायत. तोवर जरा या कागदांवर सह्या कर. विम्याचे आहेत."

ती दुखण्याच्या गोळ्यांनी सुस्तावलेली होती. सही करू लागली. दहा झाल्यावर तिने हात झटकला. वीस झाल्यावर म्हणाली, "एका घोट्याला एवढे कागद? मी सबंध गेले असते तर काय केलं असतं यांनी?" सत्ताविसावी सही झाली, आणि दारावरची घंटा वाजली.

दारात एक उंच, सडपातळ बाई उभ्या होत्या. हातात दोन मोठ्या पिशव्या. दोन जिने चढून आल्याने त्यांना धाप लागली होती, आणि ती धाप निव्वळ जिन्यांची नव्हती.

"एकशे त्रेचाळीस पुस्तकं मागवणाऱ्या बाई इथेच राहतात ना?"

नगसाहेबांनी तोंड उघडलं. आतून बायकोचा आवाज आला, "कोण आहे हो? अगंबाई, मॅडम! तुम्ही कशाला तसदी घेतलीत? किरकोळ फ्रॅक्चर आहे."

विभागप्रमुखबाई आत आल्या. उशीवर ठेवलेल्या पायाकडे बघून त्यांचा राग अर्ध्यावर अडखळला. तरी त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "पायाचं मला माहीत नव्हतं. मी आले ती पुस्तकांसाठी. तुम्ही माझ्याकडची अडतीस पुस्तकं मागवलीत. काही नऊ वर्षं माझ्याकडे आहेत. माझं लिखाण चालू आहे त्यांच्यावर. अकरा पुस्तकांची यादी विषयाबरोबर मीच मंजूर केली होती. बाकीची कशाला?"

बायकोने आधी बाईंकडे पाहिलं. मग हातातल्या सत्ताविसाव्या कागदाकडे पाहिलं, आणि या खेपेला तो वाचला. मग नवऱ्याकडे पाहिलं. नगसाहेब पंख्याची पाती मोजत होते. तीन नग होती. ती परत परत मोजावी लागत होती.

नगसाहेबांना वाटलं, आता ती म्हणणार, 'मॅडम, हे माझं काम नाही, या माणसाचं आहे.' आणि ते तिच्या हक्काचं होतं. ते स्वतःच पुढे होऊन बोलणार, इतक्यात ती म्हणाली,

"हो. मागवली."

"दंतवैद्याच्या खुर्चीचं पुस्तक?" बाईंनी विचारलं. "ओट्याशी काय संबंध त्याचा?"

"मॅडम, तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे जाता ना? ती खुर्ची वरखाली कोणासाठी होते? दुखत असतं आपलं. पण खुर्ची वर येते ती त्याची कंबर दुखू नये म्हणून."

"बरं. घड्याळजी, शिंपी, जहाज?"

"त्याचं टेबल छातीपर्यंत असतं. डोळ्याजवळ काम यावं म्हणून. आणि शिंपी मेज करून घेतो ते स्वतःच्या कोपराला लावून. ज्याचं काम, त्याच्या मापाची जागा." ती आता उठून बसली होती, नगसाहेबांनी पाठीमागे उशी सरकवली, ती तिने त्यांच्याकडे न बघताच घेतली. "जहाजावरसुद्धा भांडी घसरू नयेत म्हणून ओट्याला कठडा करतात. म्हणजे भांड्यांचासुद्धा विचार होतो."

"आणि तुरुंग?" बाई आता जराशा पुढे झुकल्या होत्या.

"तुरुंगात माणसाला आत घेताना त्याची उंची मोजतात, मॅडम. मला या घरात आणताना कोणी मोजली नाही."

नगसाहेबांचं पाती मोजणं थांबलं.

"हे त्या पुस्तकात नाहीये," बाई सावकाश म्हणाल्या. "मी वाचलंय ते."

"मग माझ्या निबंधात असेल."

विभागप्रमुखबाई म्हणाल्या, "मला जरा पाणी मिळेल?" आणि नगसाहेब उठायच्या आत स्वतःच स्वयंपाकघरात गेल्या. आतून त्यांचा आवाज आला, "ओटा हाच का? मला तर अगदी बरोबर होतोय!"

"तुम्हाला होणारच," बायको म्हणाली.

बाहेर येताना त्यांच्या हातात पाण्याचा पेला होता, आणि नजर मागे वळून त्या करड्या ठोकळ्याकडे होती. त्याच्यावरचा '१/१' त्यांनी वाचला असणार, कारण नगसाहेबांकडे त्यांनी एकदा नीट बघून घेतलं. नगसाहेबांना भांडाराच्या तपासणीला आलेले वरिष्ठ आठवले. त्या वरिष्ठांपुढेही नगसाहेबांची मान कधी खाली गेली नव्हती. आज गेली.

"मुदत वाढवून मिळणार नाही," बाई म्हणाल्या. "शुक्रवार म्हणजे शुक्रवार. आणि कार्ड थांबलंय म्हणे तुमचं. पण ही पुस्तकं अजून माझ्या नावावर आहेत. उद्या संध्याकाळपर्यंत परत करायची आहेत. तोवर मी ती कुठे ठेवते हे माझं मी बघेन." त्यांनी पिशव्या पलंगाशी सरकवल्या. "सगळी नको, चार ठेवा. नियम तो नियम. कोणती?"

बायकोने चार निवडली. तिच्या स्वतःच्या चिठ्ठीतलं एक. बाकीची तीन, खुर्चीचं, शिंप्यांचं आणि तुरुंगाचं. तीन समतुल्य! नगसाहेबांच्या मनात अभिमान किंचित डोकावला, पण परिस्थिती बघून लगेच आत गेला.

बाई गेल्या. दार लागलं. बायकोने सत्ताविसावा कागद त्यांच्यापुढे धरला.

"एकशे त्रेचाळीस?"

"हो."

"आणि हा विमा?"

"रद्द करायचे अर्ज. एकूण एकशे एकोणचाळीस."

"मला विचारायचं होतंत."

"तू झोपली होतीस गं. औषधाने."

"अठ्ठावीस वर्षं?"

नगसाहेब पलंगाच्या कडेला बसले. नियमावलीत चौतीस इंच होतं, हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलं. आयुष्यभर त्या वाक्याने त्यांना कधी दगा दिला नव्हता. त्यांनी ते गिळलं.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "गवंड्याने विचारलं तेव्हा तू शेजारच्या खोलीत होतीस. दहा पावलांवर."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं. आधी नाकातून, मग सगळ्या अंगाला, इतकं की प्लॅस्टर हललं आणि ती "आई गं" म्हणून कळवळली आणि तरीही हसत राहिली. "एकशे त्रेचाळीस! अहो, विद्यापीठभर माझं नाव झालं! द्या ते उरलेले इकडे."

तिने एकशे बारा सह्या केल्या. शेवटच्या वीस-बावीस वाचता येत नव्हत्या.

गुरुवारी सकाळपासून तिने सांगायचं आणि नगसाहेबांनी लिहायचं असं सुरू झालं, कारण पाय वर ठेवून तिला धड लिहिता येईना. हे सोपं नव्हतं. ती म्हणायची, "वाचा त्या प्रकरणात ती लेखिका काय म्हणते ते." नगसाहेब वाचून सांगायचे, "पाने चोवीस, आकृत्या सहा, एक फाटलेली."

"अहो, मोजदाद नको. म्हणते काय?"

मग ते परत वाचायचे. तिसऱ्यांदा वाचताना त्यांना एकाएकी कळलं की ती लेखिका म्हणते ते खरं आहे, आणि मग ते तिच्या बाजूने इतके तावातावाने बोलू लागले की बायकोला "हे माझ्या निबंधात नको, तुमचं तुम्ही वेगळं लिहा" असं सांगावं लागलं. एकदा भांडण झालं. एकदा वकील डोकावून "साक्षीदार म्हणून माझं नाव घालू नका" असं सांगून गेले. संध्याकाळी पुस्तकं परत पोचवली, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत बावीस पानं झाली, भांडारपालाच्या टपोऱ्या, एकसारख्या अक्षरात. चार वाजून चाळीस मिनिटांनी खिडकीवरच्या कारकुनाने त्यावर शिक्का मारला. नगसाहेबांनी पोच मागितली. कारकून म्हणाला, पोच देत नाहीत. नगसाहेब तिथून हलले नाहीत. पाचला दोन मिनिटं कमी असताना पोच मिळाली.

महिन्याने निबंध टपालाने परत आला. प्लॅस्टर निघालं होतं. बायको काठी घेऊन घरात फिरत होती. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'एकसष्ट गुण. समासातील शेऱ्याची पूर्तता करून दिल्यास उत्तीर्ण.'

शेरा एकच होता, नवव्या पानावर, दंतवैद्याच्या खुर्चीच्या परिच्छेदाशेजारी. लाल शाईत, 'खुर्ची आणि ओटा यांची सांगड कुठून सुचली? स्रोत द्यावा.'

"स्रोत म्हणजे?" नगसाहेबांनी विचारलं. सहा वर्षं पुन्हा एका रकान्यावर येऊन अडली होती, आणि तो रकाना त्यांच्याच बटणाने तयार केला होता.

"म्हणजे हे कुठून आलं ते सांगायचं. लेखक, पुस्तक, साल."

"ते पुस्तकात नाही. ते तू त्या दिवशी बोललीस."

"मी बोलले, पण ती खुर्ची माझ्यापुढे आणून ठेवली कोणी?" ती टेबलाशी बसली. "घ्या पेन. लिहा. स्रोत, दोन टिंबं. 'घरातील भांडारपाल.'"

नगसाहेबांनी लिहिलं. कान लाल झाले होते.

"पुढे कंस करा. त्यात लिहा, 'अप्रकाशित.'"

"अप्रकाशित म्हणजे काय?"

"म्हणजे एकच प्रत आहे," ती म्हणाली. "आणि ती बाहेर देत नाहीत."